कोणास त्रास दिला नाही

गतवर्षी हंगामाच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी कन्नड तालुक्यातील एका लहानशा मंडळीत एका भगिनीच्या दफनविधीस उभे राहण्याचा प्रसंग आम्हांवर आला. वय पन्नाशीच्या आत. आदल्या दिवशी दीडशे माणसांच्या भाकरी तिने व तिच्या दोघी जावांनी मिळून थापल्या होत्या. कबरेजवळ आम्ही जे चार शब्द बोललो त्यांत एक वाक्य असे होते की, ही भगिनी जगली तशीच गेली, मरतानाही तिने कोणास त्रास दिला नाही. ऐकणाऱ्यांनी माना डोलाविल्या, बायांनी पदर डोळ्यांस लाविले, आणि परतीच्या वाटेवर ते वाक्य आमचे आम्हांसच फार समर्पक वाटत होते.

आठ दिवसांनी त्या घरी प्रार्थनेस गेलो, तेव्हा थोरल्या जावेने त्या दिवसाची सारी हकीकत सांगितली. सणाच्या दुपारीच तिच्या छातीवर कोणी पाटा ठेवावा तसे झाले होते. तिने ओवा चावला व पुन्हा चुलीपुढे बसली. दिवस कलताना डावा खांदा व जबडा दुखू लागला; विचारल्यावर दाढ दुखते म्हणाली. मध्यरात्री घामाने चोळी चिंब झाली. ती हळूच उठली, कोणी जागे होऊ नये म्हणून अंधारातच चोळी बदलली, आणि पुन्हा आडवी झाली. जाऊ जागी होती. तिने विचारले, काय होते ग? उत्तर आले, “काही नाही, पित्त झालंय. पाहुणे निजलेत, आता गाडी कुठून आणायची? सकाळी बघू.” पहाटे पाणी तापविण्यास उठविण्याकरिता जाऊ गेली तो सर्व संपले होते.

त्या दिवसापासून आमचे ते वाक्य आमच्याच गळ्यात अडकले आहे. ज्या गोष्टीची आम्ही देवाच्या लोकांपुढे स्तुती केली ती स्तुतीस पात्र होती काय? आपले दुखणे झाकून ठेवणे हा ख्रिस्ती मनुष्याचा गुण आहे, की दोष आहे, की दोहोंचे काही मिश्रण आहे? वाचकांपुढे हा प्रश्न मांडण्याचे कारण असे की, आमच्या मंडळ्यांतून हे एकच घर नव्हे. आणि कबरेजवळ असली वाक्ये बोलणारे उपदेशकही आम्ही एकटेच नव्हे.

प्रथम देहाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती ठाऊक नसता नीतीची गोष्ट बोलणे व्यर्थ होय. हृदय साऱ्या शरीरास रक्त पुरविते हे शाळेतल्या मुलासही ठाऊक आहे. परंतु हृदय हा स्वतः एक स्नायू आहे, व त्यासही रक्त लागते, आणि ते त्याच्या अंगावरूनच गेलेल्या बारीक नलिकांतून त्यास मिळते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. या नलिकांच्या आतल्या बाजूस वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्या जागी रक्ताची गुठळी धरते, आणि पुढचा प्रवाह बंद पडतो. मळ्यातल्या पाटात ढेकूळ अडकले म्हणजे पुढच्या वाफ्यांचे जे होते तेच येथे होते. वाफे त्याच क्षणी जळत नाहीत, पण सुकू लागतात. ढेकूळ लवकर काढले तर पीक जगते; सायंकाळपर्यंत कोणी पाहिले नाही तर मग पाणी सोडूनही उपयोग नाही. हृदयाच्या स्नायूचे मरणे सुमारे अर्ध्या तासात सुरू होते आणि पुढे कित्येक तास चालते. म्हणून त्यातील पहिला तास सोन्याचा, दुसरा चांदीचा, आणि बाराव्या तासानंतर बहुधा मातीच हाती येते.

पूर्वी विद्वान वैद्यांचीही अशी समजूत होती की ही नलिका अकस्मात बंद झाली की माणूस जागीच मरावयाचा. १९१२ साली शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी दाखवून दिले की असे नेहमी होत नाही. पुष्कळ रोगी तासन्‌तास, दिवसेंदिवस जगतात, व कित्येक बरेही होतात. या शोधाचा अर्थ आम्हां खेड्यातल्या लोकांनी नीट ध्यानी घ्यावा. ‘हार्ट अटॅक’ हा शब्द ऐकताच आपल्या मनात विजेचा लोळ पडल्याचे चित्र उभे राहते, आणि म्हणून जो माणूस चालतो-बोलतो आहे त्यास तो झाला असेल असे कोणास वाटत नाही. आमची ती भगिनी भाकरी थापीत होती, आणि नलिका बंद होती. दुपारपासून पहाटेपर्यंत वेळ होता. देवाने वेळ दिला नाही असे आम्हांस म्हणता येत नाही.

आता त्याची खूण काय? छातीत सुई टोचल्यासारखी कळ बहुधा येत नाही. मध्यभागी दाब पडतो, आवळल्यासारखे होते, जड ओझे ठेविल्यासारखे वाटते, जळजळते, आणि हे काही मिनिटांनी न जाता राहते किंवा जाऊन पुन्हा येते. तेथून ते डाव्या हातात, कधी दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात उतरते. त्याबरोबर थंड घाम सुटतो, मळमळते, ओकारी होते, धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हाताने छाती दाबून दुखणे वाढत नाही. कूस बदलूनही ते कमी होत नाही. ज्यास कारणावाचून, ऊन नसता, काम नसता, एकाएकी थंड घाम फुटला त्याजकडे घरच्यांनी विशेष लक्ष द्यावे.

परंतु सर्वांच्या ठायी ही खूण इतकी ठळक नसते. स्त्रियांस पुष्कळदा छातीपेक्षा पाठीत किंवा जबड्यात अधिक दुखते, अथवा दुखतच नाही. केवळ धाप, मळमळ आणि कधी न आलेला असा गळाठा येतो, की उचललेली घागर खाली ठेवावी लागते. मधुमेह, ज्यास आपण साखरेचा आजार म्हणतो, तो ज्यास पुष्कळ वर्षे आहे त्याच्या मज्जातंतूंची जाणीव मंद झालेली असते. त्यास झटका येऊनही कळ न येण्याचा संभव असतो. वृद्धांचेही तसेच. आणि हा रोग केवळ वृद्धांचा, किंवा शहरातल्या लठ्ठ शेठजींचा, असे समजणे तर फारच धोक्याचे. ५२ देशांतील रोग्यांवरून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, आपल्या दक्षिण आशियातील लोकांस पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतील लोकांस जवळजवळ ५९ व्या. म्हणजे सहा वर्षे आधी. मुलीचे लग्न व्हावयाचे असते, विहिरीचे कर्ज फिटावयाचे असते, अशा वयात. विडी, तंबाखू, मशेरी, वाढलेला रक्तदाब व साखर ही त्याची वाट सोपी करितात. त्याविषयी पुन्हा कधी लिहू. आजचा विषय तो नव्हे.

आणखी एक आकडा द्यावयाचा आहे, आणि तोच आमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन भिडतो. आपल्या देशातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत आलेल्या २०,९३७ रोग्यांची माहिती गोळा करून २००८ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रात छापली गेली. त्यात असे दिसले की दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत मधल्या रोग्यास ३६० मिनिटे लागली. म्हणजे अर्ध्या रोग्यांस सहा तास किंवा त्याहून अधिक. आणि दारात आल्यावर गुठळी विरघळविण्याचे औषध मिळेपर्यंत किती? मधला काळ ५० मिनिटे. आपण सरकारी दवाखान्यातील खोळंब्यास नेहमी बोल लावितो, व तो कधी कधी यथायोग्यही असतो; पण येथे सहा तास कोणी घालविले? रस्ता वाईट होता, गाडी नव्हती, हे खरे. तरी त्यातला केवढा तरी भाग घरातच, खाटेवर, ‘काही नाही’ आणि ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांत गेला असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

हे दोन शब्द कोठून येतात? आमच्या लोकांत त्यांस कधी कधी विश्वासाचा पोशाख चढविला जातो. प्रभूवर ज्याचा भरवसा आहे त्याने दवाखान्याकडे धाव कशाला घ्यावी, असे म्हणणारे बंधू आहेत, आणि ते आसा राजाचे उदाहरण देतात, की त्याचे पाय दुखत असता त्याने वैद्यांचा आश्रय केला व तो मेला. त्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा. आसाचा दोष वैद्यांकडे जाण्यात नव्हता. देवाकडे न जाण्यात होता. हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला असता त्याने रडून प्रार्थना केली, देवाने त्यास पंधरा वर्षे अधिक देण्याचे वचन दिले, आणि ते वचन घेऊन आलेल्या यशयानेच अंजिरांचा लेप त्याच्या गळवावर बांधविला. वचन व लेप यांत त्या संदेष्ट्यास विरोध दिसला नाही. पौलाबरोबर प्रवास करणारा लूक वैद्य होता, आणि पौल त्याचा उल्लेख मोठ्या प्रेमाने करितो. उलट, देव सांभाळील असे म्हणून मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याची सूचना कोणी केली, व ती प्रभूने का नाकारली, हे आमच्या शब्बाथशाळेतील मुलेही सांगतील. छातीवर पाटा ठेविल्यासारखे होत असता, गाडी दारात मिळण्यासारखी असता, मी जाणार नाही, देव पाहून घेईल, असे म्हणणे हे त्या शिखराच्या किती जवळ आहे याचा विचार करावा. शिवाय, ज्यांनी आमच्या पूर्वजांस शुभवर्तमान सांगितले त्यांनीच डॉक्टर वानलेस यांच्या हातून १८९४ साली मिरजेचे इस्पितळ उभारिले, आणि आमच्या शेजारी जालन्यासही मिशनचा दवाखाना चालविला. औषधाची पेटी व पवित्र शास्त्र ही ज्यांनी एकाच बैलगाडीतून आणिली, त्यांच्या लेकरांनी त्या दोहोंत भांडण लावावे हे विचित्रच होय.

परंतु आमच्या त्या भगिनीने विश्वासाचे नाव घेतले नव्हते. तिचे म्हणणे निराळे होते. पाहुणे निजले आहेत, गाडी कोठून आणावयाची, एवढेच. आणि खरा अवघड प्रश्न येथे आहे, कारण ह्या बोलण्यात प्रीती होती. तिला खोटे म्हणण्यास जीभ धजत नाही.

तरी आम्ही त्या रात्रीचा विचार करीत गेलो तसतसे आम्हांस त्यात तीन धागे दिसू लागले. एक प्रीतीचा, तो शुद्ध होता. दुसरा पैशाच्या भयाचा. तालुक्याहून छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटरांच्या आसपास. रात्रीची जीप किती मागेल, शहरात गेल्यावर खाजगी दवाखाना आधी किती भरावयास सांगेल, आणि त्याकरिता कोणते शेत गहाण पडेल, हा हिशेब आमच्या बायांच्या मनात दुखण्याच्या आधी सुरू होतो. ह्या भयास आम्ही पाप म्हणणार नाही. ज्याने कधी सावकाराचे व्याज भरलेले नाही त्याने ह्या विषयावर उपदेश करू नये. परंतु त्या भयातील काही भाग अज्ञानाचा आहे, व तो दूर करणे आमचे काम होते, जे आम्ही केले नाही. जानेवारी २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ ह्या क्रमांकावर फुकट रुग्णवाहिका मिळण्याची सोय झाली; आरंभी तशा ९३७ गाड्या होत्या. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढच्या वर्षी राज्यभर झालेली जी जीवनदायी योजना, जिचे नाव २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे, तिच्यात हृदयाची बंद नलिका उघडण्याच्या उपचाराचाही समावेश आहे. शिधापत्रिका व आधारपत्र जवळ असावे, व योजनेतील रुग्णालयात बसलेल्या आरोग्यमित्रास भेटावे. आणि १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे जे रुग्णालय, ज्यास सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो, तेथे गरिबासही दाखल करून घेतात. ही तीन वाक्ये त्या भगिनीस ठाऊक नव्हती. गेल्या दहा वर्षांत आम्ही त्या मंडळीत अनेक उपदेश केले. त्यांतील एकाही उपदेशात ती नव्हती.

तिसरा धागा सांगण्यास आम्ही कचरतो, पण सांगितला पाहिजे. जी व्यक्ती जन्मभर देत आली, वाढीत आली, इतरांची उशी सारखी करीत आली, तिला घेणे जमत नाही. आपल्याकरिता कोणी उठावे, कोणी धावावे, ही कल्पनाच तिला लाज आणिते. ह्या लाजेस आपण नम्रता म्हणतो. परंतु वरच्या माडीत प्रभू शिष्यांचे पाय धुवावयास लागला तेव्हा पेत्राने पाय मागे घेतले, ते दिसण्यात नम्रतेचेच होते. तरी प्रभूने त्यास स्पष्ट सांगितले की हे घेतल्याविना तुझा माझा वाटा एक राहणार नाही. सेवा करून घेण्यासही एक प्रकारची दीनता लागते, आणि ती सेवा करण्याच्या दीनतेहून पुष्कळांस अवघड जाते. चांगल्या शमरोन्याचा दाखला आम्ही शेकडो वेळा सांगितला. दर वेळी ऐकणाऱ्यांस शमरोन्याच्या जागी उभे केले. तो तेल व द्राक्षारस ओततो, जखमीस आपल्या जनावरावर बसवितो, उतारशाळेच्या मालकास दोन दीनार देतो, व अधिक लागल्यास परत येताना देईन म्हणतो. वाटेवर पडलेल्या त्या माणसाच्या जागी आम्ही कोणास कधी उभे केले नाही. तो अर्धमेला होता म्हणून बरे. शुद्धीवर असता तर कदाचित तोही म्हणाला असता, आपण पुढे व्हा, माझे काही नाही, उगाच आपले जनावर कशाला शिणविता?

आणि हा धागा तिने एकटीने कातलेला नव्हता. तो आम्ही कातला. ज्या घरात पुरुषास शिंक आली तर सुंठेचा काढा होतो व बाईस ताप आला तर भाकरी थापून झाल्यावर ती निजते, त्या घराने तो कातला. ज्या व्यासपीठावरून सोशिक बायकोची वाखाणणी होते पण नवऱ्याने बायकोस दुसऱ्यांदा विचारावे असे कधी सांगितले जात नाही, त्याने तो कातला. जावेने त्या रात्री एकदा विचारिले. उत्तर मिळाले, व तिने ते खरे मानिले. आम्ही तिला दोष देत नाही, ती स्वतःस पुरेसा देत आहे. परंतु एवढे शिकलो की, घामाने भिजलेल्या माणसाचे ‘काही नाही’ हे उत्तर नसते. तेथे दिवा लावून तोंड पाहावे लागते.

येथे कोणी सुज्ञ वाचक आक्षेप घेईल की, औषध घ्यावे की न घ्यावे हा ज्याचा त्याचा अधिकार नाही काय? आचार्य विनोबा भावे, ज्यांनी ख्रिस्ताच्या शिकवणीचे सार काढून एक पुस्तकही केले, त्यांस नोव्हेंबर १९८२ च्या आरंभी पवनार येथे हृदयविकाराचा झटका आला. वैद्य जवळ होते. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे सोडिले, आणि १५ नोव्हेंबरला देह ठेविला. त्यांच्या त्या निश्चयाविषयी आमच्या ख्रिस्ती मताप्रमाणे आम्हांस निराळे म्हणता येईल. देह ही आपली मिळकत नव्हे, असे पौलाने करिंथकरांस लिहिले आहे, आणि तो केव्हा ठेवावयाचा हे ठरविणे आमच्या हाती नाही असे आम्ही मानितो. तथापि त्यात व आमच्या प्रकरणात एक भेद आहे, तो विसरू नये. विनोबाजी ८७ वर्षांचे होते. त्यांस काय झाले आहे हे त्यांस ठाऊक होते, जवळच्यांस ठाऊक होते, साऱ्या देशास ठाऊक होते. त्यांनी उघड्यावर, जाणून, नको म्हटले. आमच्या भगिनीने नको म्हटलेच नाही. तिला काय झाले आहे हे तिलाही कळले नव्हते, आणि इतरांस कळण्याची वाट तिने स्वतः बंद केली. ज्यात निवडच नव्हती त्यास त्याग म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय; आणि आम्ही कबरेजवळ नेमका तोच केला.

आता उपदेशकांस व पंचांस काही व्यवहाराचे सांगतो. रात्री कोणी बोलावयास आले की अमक्याच्या छातीत दाटले आहे, तर आधी १०८ ला फोन करा, किंवा गावात गाडी तयार असून ती अधिक लवकर पोहोचत असेल तर ती काढा, आणि मग प्रार्थना करा. प्रार्थना गाडीतही होते. आम्ही तर म्हणतो ती गाडीतच अधिक कळकळीने होते. रोग्यास चालवू नये, जिना चढवू नये. टेकून अर्धवट बसवावे, अंगावरचे कपडे सैल करावे. त्याने स्वतः मोटारसायकल चालवीत जाणे म्हणजे वाटेत मरण गाठणे होय, आणि मोटारसायकलीवर दोघांच्या मधे बसवून नेणेही टाळावे. गावातल्या गावात एका दवाखान्यातून दुसऱ्यात, सलाइनची एक बाटली येथे व एक तेथे, असे तास घालवू नका. जेथे ई.सी.जी. निघतो, म्हणजे हृदयाचा आलेख निघतो, अशा जवळच्या रुग्णालयात न्या. आलेख काढावयास पाच-दहा मिनिटे पुरतात. पण पहिला आलेख कधी कधी निर्दोष येतो व झटका असतोच, म्हणून दुखणे चालू असेल तर डॉक्टरांनी थांबा म्हटल्यास थांबावे, कागद बरा आला म्हणून उठून घरी येऊ नये.

अ‍ॅस्पिरिन ह्या जुन्या स्वस्त गोळीविषयी पुष्कळ जण विचारतात. १९८८ साली सतरा हजारांहून अधिक रोग्यांवर केलेल्या परीक्षेत असे सिद्ध झाले की झटका आलेल्यांस ती दिल्याने पहिल्या पाच आठवड्यांतील मृत्यू जवळजवळ एकचतुर्थांशाने कमी होतात. ती गिळावयाची नसून चावून खावयाची असते, बहुधा तीनशे मिलिग्रॅम. परंतु ज्यास तिची बाधा होते, पोटात व्रण होऊन रक्त जाते, अथवा ज्यास पक्षघाताची शंका आहे, त्यास ती घातक होऊ शकते. तेव्हा १०८ च्या डॉक्टरांस फोनवर विचारून, ते देण्यास सांगतील तरच द्यावी. शेजाऱ्याच्या कपाटातील जिभेखाली ठेवावयाची गोळी आपल्या मनाने देऊ नये. रक्तदाब उतरलेला असेल तर तिने हानी होते. आणि रोगी एकाएकी कोसळला, हाक मारून बोलेना, श्वास नीट चालेना, तर रडत बसू नये. त्यास कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, दर मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल, जोराने दाबत राहावे. एक थकला तर दुसऱ्याने घ्यावे, मदत येईपर्यंत थांबू नये. प्रत्येक मंडळीत निदान चार तरुणांनी हे तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन शिकून घ्यावे अशी आमची विनंती आहे. त्या चौघांची नावे उपासनेच्या फळ्यावर गीतांच्या क्रमांकांशेजारी लिहून ठेविली तर आम्हांस त्यात काही गैर दिसणार नाही.

राहिली ती लोकलज्जेची गोष्ट. सारे गाव उठविले, गाडी काढली, शहरात गेलो, आणि डॉक्टर म्हणाले वायू धरला होता, मग? तोंड कसे दाखवावयाचे? ही लाज आमच्या पुरुषांत विशेष. ह्या लाजेपायी किती जण मेले असतील याची गणती कोणी केलेली नाही. छातीतली कळ वायूची की हृदयाची, हे पुष्कळदा डॉक्टरांसही यंत्रावाचून व रक्ताच्या तपासणीवाचून सांगता येत नाही. मग शेतकऱ्याने ते अंधारात, खाटेवर पडून, ओवा चावून ओळखावे अशी अपेक्षा कोण करील? आणि फुकट गेली म्हणावयाची ती काय? एक रात्र. मेंढी हरवली म्हणून डोंगर धुंडाळणाऱ्या मेंढपाळास ती गोठ्यामागेच सापडली असती तर त्याने तिला रागे भरले असते काय?

गेल्या पावसाळ्यात फुलंब्रीकडील एका मंडळीत हे बोलणे आम्ही केले. त्यानंतर महिन्याभराने तेथील एका निवृत्त उपदेशकांस रात्री दीड वाजता छातीत दाटले व घाम सुटला. त्यांनी मुलास उठविले, मुलाने फोन केला, शेजारच्या दोन घरांत दिवे लागले, सून शिधापत्रिका शोधू लागली, पाळकसाहेब पावसात टॉर्च घेऊन आले. शहरात दोनदा आलेख काढिला, रक्त तपासिले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवून घेतले, आणि हृदय ठीक आहे, पित्ताचा त्रास आहे, असे सांगून गोळ्या देऊन घरी पाठविले. रविवारी आम्ही तेथे होतो. ते नेहमीप्रमाणे पुढे न बसता दाराशी चटईच्या कडेला बसले होते. उपासना संपल्यावर त्यांनी उभे राहून खाली पाहत म्हटले, “मंडळींनी क्षमा करावी. म्हाताऱ्याने उगाच सगळ्यांची झोप मोडली.”

बायांच्या बाजूने एक म्हातारी, जिचे घर त्यांच्या घरास लागून आहे, मोठ्याने म्हणाली, “मोडली तर मोडली, दादा. पुढच्या वेळी मला आधी हाक मारा, तुमच्या पोराला झोपेतून उठायला लई वेळ लागतो.”

सारे हसले. त्यांनीही हसून डोळे पुसले, आणि मुलाने त्यांस हात धरून पुढे आणून त्यांच्या जागेवर बसविले.